जेवणाचे मेज आणि जवसाचे तेल

पावसाळा सरत आला होता. सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात खानापूर तालुक्यातील एका वाडीवर घराला आशीर्वाद देण्यासाठी आम्ही गेलो होतो. प्रार्थना आटोपली, घरच्या माउलीने चहा आणला आणि आम्ही सर्वजण मधल्या खोलीतील मेजाभोवती बसलो. मेज चांगले लांबरुंद, फणसाच्या लाकडाचे. यजमानांच्या आजोबांनी स्वतःच्या लग्नाच्या वेळी ते करवून घेतले होते. त्याच मेजावर तीन पिढ्या जेवल्या, मुलांनी त्यावर पाटीवर अक्षरे गिरविली, आणि संध्याकाळी त्याच्याभोवतीच रोझरीची प्रार्थना होत आली. अलीकडे चार वर्षे मात्र त्यावर फुलाफुलांचे प्लास्टिकचे आच्छादन होते.

धाकट्या मुलाच्या हातून पाण्याचा पेला कलंडला. पाणी पुसण्यासाठी आईने आच्छादन उचलले आणि ती तशीच थबकली. खालचे लाकूड काळे पडले होते. मधल्या दोन फळ्यांवर बुरशीचा पांढरा थर होता आणि बोट दाबले तर ते रुतत होते. आच्छादनाला कोपऱ्यात एक चीर गेली होती. त्या चिरेतून पाणी आत शिरत होते, परंतु बाहेर पडावयास त्याला वाटच नव्हती. माउली हळूच म्हणाली, "फादर, मेज राखावे म्हणूनच आम्ही हे घातले होते हो!"

यजमानांनी निकाल तेथल्या तेथे देऊन टाकला. मेज फोडून जळणात घालावयाचे, फाटके प्लास्टिक न्हाणीच्या चुलीत टाकावयाचे आणि नाताळापूर्वी शहरातून चकचकीत पत्रा चिकटविलेले नवे मेज आणावयाचे. आम्ही त्यांस महिनाभर थांबण्याची विनंती केली. प्लास्टिक चुलीत घालू नये, एवढे तर तेथेच सांगितले. असली आच्छादने बहुधा पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकची असतात. ते जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते, आणि अर्धवट जळणीत डायॉक्सिन जातीची विषारी द्रव्येही तयार होतात. ज्या चुलीवर लेकरांच्या अंघोळीचे पाणी तापते, तिच्यात असले जळण कोण घालील?

परंतु महिनाभर थांबा असे सांगणे सोपे; त्या महिन्यात करावयाचे काय? लाकडात पाणी मुरू नये, लेकरांचा घास त्यावर पडला तरी अपाय होऊ नये, आणि कधी काळी ते मेज मोडलेच तर त्यावरचा लेपही लाकडाबरोबर मातीत मिसळून जावा, असे काही आहे काय? ह्या प्रश्नाचा मागोवा घेताना आम्हांस जे समजले आणि हाताने करून जे पाहावयास मिळाले, ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. मेज नाही असे घर आपल्या खेड्यांत आता विरळाच.

सगळीच तेले वाळत नाहीत

"तेल लावा" असे म्हटले की आपल्या घरी पहिला हात जातो तो खोबरेलाच्या बाटलीकडे. त्या माउलीनेही पूर्वी एकदा मेजाला खोबरेल चोपडले होते. दोन दिवस लाकूड छान चमकले. पुढे ते चिकट झाले, धूळ धरू लागले, मुंग्या आल्या, आणि शेवटी खवट वासाला कंटाळून तिने ते साबणाने धुऊन काढले. दोष तिच्या हाताचा नव्हता, तेलाच्या जातीचा होता.

तेले ढोबळमानाने तीन प्रकारची असतात : कधीच न वाळणारी, अर्धवट वाळणारी आणि पूर्ण वाळणारी. येथे वाळणे म्हणजे पाण्यासारखे उडून जाणे नव्हे. वाळणारे तेल हवेतील प्राणवायू शोषून घेते. त्यामुळे त्याचे सूक्ष्म कण एकमेकांत गुंततात आणि पातळ तेलाचा चिवट पापुद्रा होतो. म्हणूनच असे तेल वाळताना वजनात घटत नाही, उलट काहीसे वाढते. कोणते तेल किती वाळेल हे रसायनशास्त्रज्ञ 'आयोडीन अंक' नावाच्या मापाने ठरवितात. खोबरेलाचा हा अंक जेमतेम १० च्या आसपास, भुईमुगाच्या तेलाचा ९० ते १०० च्या घरात, करडईचा सुमारे १४०, आणि जवसाचा १७० च्या पुढे. अंक साधारण १३० च्या वर असेल तर ते तेल वाळणारे समजावे. खोबरेल आणि शेंगदाण्याचे तेल ताटासाठी उत्तम, ताटाखालच्या लाकडासाठी नव्हे, एवढा ह्या आकड्यांचा बोध.

जवस आपल्या बायाबापड्यांस नवे नाही. जवसाची चटणी भाकरीबरोबर न खाल्लेले घर बेळगावच्या पंचक्रोशीत शोधूनच काढावे लागेल. कोणी त्याला अळशी म्हणतात. निळसर फुलांचे हेच झाड. त्याच्या खोडाच्या तंतूपासून लिननचे वस्त्र विणले जाते, म्हणजे वेदीवरील पांढरे वस्त्र आणि चटणीचे बी ही एकाच जातीच्या झाडाची देणगी होय. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग अशा आम्लाचा असतो, जे प्राणवायूला चटकन धरते. युरोपातील चित्रकार शतकानुशतके आपले रंग ह्याच तेलात कालवीत आले. १८६३ साली फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजाने घट्ट केलेल्या जवसतेलात बुचाच्या झाडाच्या सालीचा भुगा मिसळून जमिनीवर अंथरावयाची एक वस्तू तयार केली. लॅटिन भाषेत 'लीनुम' म्हणजे जवस आणि 'ओलेउम' म्हणजे तेल; त्यावरून तिचे नाव लिनोलियम. ती वस्तू आजही वापरात आहे, आणि टाकून दिल्यावर ती मातीत कुजते. पाणी अडविणारी वस्तू कायमची अविनाशी असलीच पाहिजे असे नाही, ह्याचा हा चांगला दाखला आहे.

डब्यातील तेल आणि घाण्यावरचे तेल

हार्डवेअरच्या दुकानात जवसाचे 'डबल बॉईल्ड' तेल मिळते. ते लवकर वाळते खरे, परंतु ते निव्वळ उकळलेले तेल आहे असे समजू नये. ते लवकर वाळावे म्हणून त्यात बहुधा कोबाल्ट, मँगनीज यांसारख्या धातूंचे क्षार मिसळलेले असतात. जुने कारागीर तेलात मुर्दाडशिंग घालून ते कढवीत. मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचेच एक रूप, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूस किती घातक आहे हे आता सर्वमान्य झाले आहे. आपल्या सरकारने २०१६ साली नियम करून घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित केले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून जास्त शिशाच्या रंगांची विक्री बंद केली. तेव्हा कोणी जाणता कारागीर "आमचे वडील मुर्दाडशिंग घालीत" असे म्हणाला तरी जेवणाच्या मेजास ते लावू देऊ नये.

आम्ही लाकडी घाण्यावरचे कच्चे तेल आणले. ते पथ्यकर, परंतु सावकाश वाळणारे. वाळण्याचा वेग वाढवावयाचा एक जुना व निरुपद्रवी उपाय आहे. पसरट थाळीत तेल ओतून वर पातळ फडके बांधावे आणि कडक उन्हात काही आठवडे ठेवावे. रोज एकदा ढवळावे. तेल मधासारखे घट्ट होऊ लागते. हे उन्हात मुरलेले तेल थोडे ताज्या तेलात मिसळले की लेप लवकर धरतो. एप्रिल-मे महिन्यांतील ऊन आपल्याला फुकटच मिळते. त्याचा हा उपयोग करून पाहावा.

लाख, काजू आणि मेण

जवस हाच एक उपाय आहे असे नाही. लाखेचे नाव तर सर्वांच्या ओठांवर असते. पळस, बोर, कुसुम ह्या झाडांच्या फांद्यांवर एक इवलासा कीटक राहतो; त्याच्या अंगातून पाझरणारी राळ म्हणजे लाख. लाखेवर संशोधन करणारी संस्था रांचीजवळ नामकूम येथे १९२४ साली निघाली. सावंतवाडीची आणि चन्नपट्टणची रंगीत लाकडी खेळणी लाखेनेच तुकतुकीत होतात. चपडा लाख स्पिरिटात विरघळवून कापसाच्या बोळ्याने घासली की तिलाच आपले सुतार फ्रेंच पॉलिश म्हणतात. लाख बिनविषारी आहे. औषधी गोळ्यांवर आणि मिठाईवरही तिचा मुलामा देतात. कपाट, देव्हारा, प्रार्थनेची चौकट ह्यांस ती शोभून दिसते. परंतु जेवणाच्या मेजावर ती टिकत नाही. चहाचा गरम पेला ठेवला की पांढरे वर्तुळ उमटते, साबण-सोड्याच्या पाण्याने ती सुटते आणि स्पिरिटाने तर पार विरघळते. वस्तू उत्तम, परंतु जागा चुकली तर तीच निरुपयोगी.

चंदगड-खानापूरकडील आणि गोव्यातील लोक काजूच्या टरफलाच्या तेलाचे गुण जाणतात. पोर्तुगीजांनी काजूचे झाड सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणले. त्याच्या टरफलातील काळसर तेल होड्यांच्या तळाला आणि घराच्या वाशांना लावण्याची रीत जुनी आहे. पाणी आणि वाळवी दोन्ही त्याला भितात. परंतु हे तेल बिब्ब्याच्या रसाचे भाऊबंद आहे. कातडीला लागले की भाजल्यासारखे फोड येतात. गोठ्याचे दार, अंगणातील बाकाचे पाय, कुंपणाचे खांब ह्यांस ते हातमोजे घालून खुशाल लावावे. लेकरांच्या ताटाखाली मात्र नको.

आता मेणाविषयी. आमचा बेत ऐकून त्या माउलीने चर्चमधील मेणबत्त्यांची उरलेली थुटके गोळा करून आमच्यापुढे ठेवली. तिची भावना किती थोर! परंतु आम्हांस तिला सांगावे लागले की बाजारी मेणबत्त्यांचे मेण बहुधा पॅराफिन असते, आणि पॅराफिन खनिज तेलातून निघते. आपल्याला हवे होते ते मधमाशांचे. मधमाशांचे मेण पिवळसर असते, हातात चोळले की त्याला मधाचा मंद वास येतो, आणि ते सुमारे ६२ ते ६५ अंश उष्णतेला वितळते. मध काढणाऱ्यांकडे किंवा खादी-ग्रामोद्योगाच्या भांडारात चौकशी केली तर ते मिळू शकते. ख्रिस्तसभेला ह्या मेणाची ओळख फार जुनी आहे, ती केवळ मेणबत्तीसाठी नव्हे. पूर्वी अभिषिक्त वेदीच्या दगडावर वरच्या शुभ्र वस्त्रांखाली मेण चढविलेले जाड कापड अंथरीत, ते वरच्या वस्त्रांस ओल व डाग लागू नयेत म्हणून. आज आपण प्लास्टिकचे आच्छादन ज्यासाठी घालतो, तेच काम ते मेणकापड करीत असे. सुती कापडावर मेण किसून मंद इस्त्रीने मुरविले तर असे मेणकापड घरीही होते. फक्त ते गरम पाण्यात धुवावयाचे नाही.

काम कसे केले

आमच्या धर्मग्रामात एक वृद्ध मेस्त्री आहेत. दृष्टी मंदावली आहे, तरी लाकडावरून बोटे फिरवून ते त्याची जात सांगतात. त्यांना घेऊन आम्ही त्या घरी गेलो. दोन कुजलेल्या फळ्यांपैकी एक त्यांनी काढूनच टाकली. "हिच्यात आता जीव नाही, फादर," ते म्हणाले. दुसरी रंध्याखाली वाचली. मग पुढील क्रमाने काम झाले, आणि वाचकांनीही तोच क्रम ठेवावा.

प्रथम, लाकूड पुरते वाळविले. मेज उघड्या पडवीत, सावलीत, वारा लागेल असे तीन आठवडे ठेवले. कडक उन्हात ठेवले असते तर फळ्यांस भेगा पडल्या असत्या. ओल्या लाकडावर लेप चढविणे म्हणजे ओल आत कोंडणे, आणि प्लास्टिकने केले ते हेच.

दुसरे, बुरशी व जुना मळ काढला. नाका-तोंडास फडके बांधून हे काम अंगणात केले, कारण बुरशीची धूळ छातीत जाणे बरे नव्हे. आधी जाडा, मग बारीक काचकागद लाकडाच्या रेषेच्या दिशेने चालविला आणि शेवटी कोरड्या फडक्याने धूळ झाडली.

तिसरे, तेलाचा पहिला हात. घाण्याचे तेल किंचित कोमट करून सुती फडक्याने लाकडात जिरविले. लाकूड फार तहानलेले होते. वरची व खालची बाजू मिळून पाव लिटरच्या आसपास तेल त्याने पिऊन टाकले. अर्ध्या तासाने वर राहिलेले सगळे तेल कोरड्या फडक्याने पुसून घेतले. बहुतेकांची चूक होते ती येथेच. जास्त तेल ठेवले तर जास्त पाणी अडेल असे वाटते. प्रत्यक्षात जाड थर वरून साय धरतो, खाली ओलाच राहतो आणि महिनोन्महिने चिकटतो. पातळ हात तीन किंवा चार द्यावेत, आणि प्रत्येक दोहोंच्या मध्ये चार-सहा दिवस जाऊ द्यावेत. बोटाला चिकट लागत असेल तर आणखी थांबावे.

चौथे, खालच्या बाजूस विसरू नये. फळीची एकच बाजू तेलात मुरविली तर दुसरी बाजू हवेतील ओल शोषून फुगते आणि फळी वाकते. नोहाला तारू बांधताना ते आतून व बाहेरून डांबराने लिंपावयास सांगितले होते, असे आपण उत्पत्तीच्या पुस्तकात वाचतो. आमच्या मेस्त्रींनी तेथे त्याची आठवण करून दिली आणि मुलांस मेजाखाली पिटाळले!

पाचवे, मेणाचा हात. एक भाग मेण आणि चार भाग जवसतेल वजनाने घ्यावे. मोठ्या पातेल्यात पाणी तापवून त्यात लहान भांडे ठेवावे आणि त्या भांड्यात मेण व तेल एकत्र वितळवावे. भांडे कधीही थेट विस्तवावर ठेवू नये. मेण आणि तेल दोन्ही पेट घेतात. निवाल्यावर मलम तयार होते. शेवटचा तेलाचा हात वाळल्यानंतर हे मलम अगदी पातळ चोळावे आणि दुसऱ्या दिवशी लोकरीच्या जुन्या तुकड्याने घासून चकाकी आणावी. तेल लाकडाच्या आत राहून पाणी अडविते, मेण वर राहून थेंबाला घसरविते. दोघांचे काम वेगळे आहे, म्हणून दोघेही हवेत.

चिंध्यांविषयी एक कडक सूचना

येथे आम्हांस आमचीच एक चूक कबूल केली पाहिजे. त्या घरी जाण्यापूर्वी आम्ही आमच्या निवासातील एका बाकावर हा प्रयोग करून पाहिला होता. काम झाल्यावर तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून आम्ही तो पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकला आणि संध्याकाळच्या प्रार्थनेस निघून गेलो. परत आलो तो पडवीत जळका वास पसरलेला. आमचा स्वयंपाकी खोके अंगणात ओढून त्यावर घागर रिकामी करीत होता. कोणी काडी ओढली नव्हती की निखारा पडला नव्हता. त्याने आणखी अर्धा तास उशीर केला असता तर पडवीचे छप्पर राहिले नसते.

कारण साधे आहे. जवसाचे तेल प्राणवायू घेते तेव्हा उष्णता बाहेर पडते. मेजावर ती वाऱ्याबरोबर निघून जाते. बोळ्याच्या पोटात ती साचत जाते आणि शेवटी चिंधी आपोआप पेटते. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ३८ मजल्यांच्या एका इमारतीला आग लागली. बाविसाव्या मजल्यावर पडून राहिलेल्या जवसतेलाच्या चिंध्यांपासून तिची सुरुवात झाली होती. त्या आगीत अग्निशमन दलाच्या तीन जवानांना प्राण गमवावे लागले. म्हणून प्रत्येक चिंधी काम होताच उघड्यावर, दगडावर किंवा दोरीवर, एकेरी पसरून वाळवावी, नाहीतर पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावावे. बोळा करून ती कोठेही ठेवू नये. ही सूचना वाचकांनी घरातील तरुणांस मोठ्याने वाचून दाखवावी, अशी आमची विनंती आहे.

एकदाच करून भागत नाही

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावयास हवी. ह्या लेपाने मेज काचेसारखे होत नाही. सांडलेले पाणी त्यावर थेंब होऊन थांबते, परंतु रात्रभर तसेच ठेवले तर डाग पडेल. उकळते भांडे थेट ठेवले तर मेण मऊ होईल. त्याखाली काथ्याची किंवा बांबूची चटई हवी. जवसतेलाने लाकूड थोडे गडद व पिवळसर होते. आणि नीट न वाळलेले तेल पावसाळ्याच्या दमट हवेत बुरशीलाच खाऊ घालते; म्हणून हे काम पावसाच्या तोंडावर नव्हे, तर ऑक्टोबरात किंवा एप्रिलात करावे.

पेट्रोलियमपासून केलेला आधुनिक पॉलिशचा थर ह्याहून कठीण असतो, हे कबूल. तो कित्येक वर्षे तसाच राहतो. परंतु तो चिरला की खरवडून काढावा लागतो, ती धूळ मातीत जाते आणि मातीतही तशीच राहते. जे पाण्याला, बुरशीला आणि किड्याला कधीच दाद देत नाही, ते मातीलाही दाद देत नाही. उलट, जो लेप शेवटी मातीस मिळावा असे आपण म्हणतो, तो थोडाथोडा झिजणारच. दोन्ही गोष्टी एकदम मागता येत नाहीत. झिजणारा लेप पुनःपुन्हा द्यावा लागतो, आणि त्याची किंमत पैशात कमी असली तरी हाताच्या श्रमात मोजावी लागते.

हे श्रम तरी किती? दर महिन्याला मेजावर पाण्याचे चार थेंब टाकावेत. थेंब गोल राहिले तर काळजी नको. पाच मिनिटांत पसरून खाली काळसर ठसा उमटला, तर त्या जागी तेलाचा एक पातळ हात आणि वर थोडे मेण, एवढेच पुरते. वर्षातून एकदा, पावसाळा उलटल्यावर, सबंध मेज पुसून एक हात द्यावा. घरची पोरे हे काम खेळ म्हणून करतात. रोज जेवण झाल्यावर ओल्या फडक्यामागून कोरडे फडके फिरविण्याची सवय लागली, तर निम्मे मेज तिनेच राखले असे समजावे.

आपण विकत घेतलेल्या वस्तूकडून अशी अपेक्षा करू लागलो आहोत की तिने आपल्याला पुन्हा कधी हाक मारू नये. त्या घरातील प्लास्टिकने चार वर्षे कोणालाच हाक मारली नाही. त्यामुळेच खाली काय चालले आहे ते कोणाला कळले नाही. जे मेज आपण दर महिन्याला हाताने चाचपतो, ते आपल्या नकळत कुजू शकत नाही. जवसाच्या तेलाचा मोठा गुण आम्हांस शेवटी हाच वाटला.

असो. नाताळच्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्या वाडीवर गेलो. मेज मधल्या खोलीत आपल्या जागी होते. काढलेल्या फळीच्या जागी मेस्त्रींनी फणसाचीच नवी फळी बसविली होती. ती अजून पिवळीजर्द आहे आणि शेजारच्या जुन्या फळ्यांत उठून दिसते. वाचलेल्या फळीवरील काळा डाग पूर्ण गेला नाही, तो जाणारही नाही. प्लास्टिकचे आच्छादन चुलीत गेले नाही. परसातील जळणाच्या रचीवर ते पावसापुरते कामाला आले आहे.

जेवण झाल्यावर माउलीने ताटे उचलली. धाकट्याने पेल्यातील पाणी ह्या खेपेस मुद्दामच थोडे सांडले आणि थेंब गोल राहिले की नाही ते वाकून पाहिले. मग कोणी न सांगता त्याने खुंटीवरचे कोरडे फडके काढले आणि मेज पुसले. आजोबांचे मेज आता त्याच्या हाती आले आहे.